‘झ’काराचे शेजार : आद्य वर्ण आणि शब्दार्थ यांच्या संबंधाविषयी काही विचार

इंग्रजी कोशात ‘ग्ल्’ या जोडवर्णाने आरंभ होणारे शब्द पाहू गेल्यास ग्लो, ग्लीम, ग्लिटर, ग्लिसन, ग्लिंट हे शब्द जवळजवळ आढळतात आणि त्या प्रत्येकाच्या अर्थात प्रकाशाचा काही अंश असतो. ‘स्न्’ने आरंभ होणारे स्नोअर, स्निफ, स्नाउट, स्नीझ हे शब्द नाकाशी निगडित आहेत. जॉन वॉलिस या व्याकरणकाराने सतराव्या शतकातच अशा शब्दगटांकडे लक्ष वेधले होते. जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा वर्णगटास ‘फोनेस्थीम’ ही संज्ञा दिली. मराठीत त्यास ‘अर्थसूचक वर्णगट’ म्हणता येईल. तथापि शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हा सोस्यूरचा सिद्धान्त (१९१६) आज सर्वमान्य आहे. तेव्हा हे गट म्हणजे केवळ योगायोग, की आद्य वर्णांना खरोखरच काही अर्थसामर्थ्य असते, असा प्रश्न उपस्थित होतो.

‘ग्ल्’च्या गटाचे बरेचसे स्पष्टीकरण व्युत्पत्तीने होते. त्यातील अनेक शब्द एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. एका घराण्यातील माणसे एका वाड्यात राहावीत यात नवल नाही. ‘स्नीझ’ची गोष्ट निराळी आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या आरंभी ‘स्न्’ नव्हे तर ‘फ्न्’ होता. पुढे ‘फ्न्’ हा आरंभ इंग्रजीतून नाहीसा झाला आणि शिंकण्याचा हा शब्द नाकाच्या गटात येऊन बसला. जुन्या हस्तलिखितांतील ‘फ’ आणि ‘स’ या अक्षरांच्या आकारसाम्यामुळे हा बदल झाला, असेही एक मत आहे. ते स्वीकारले तरी चुकीचे वाचन टिकून का राहिले याचे उत्तर शेजारच्या शब्दांतच शोधावे लागते.

मराठीत या विचारासाठी ‘झ’काराइतका सोयीचा वर्ण दुसरा नसावा. संस्कृतात ‘झ’ अत्यंत विरळ आहे. ऋग्वेदात तो एकदाच येतो, अथर्ववेदात येतच नाही, हे व्हिटनेने आपल्या संस्कृत व्याकरणात नोंदविले आहे. म्हणजे मराठी कोशातील ‘झ’ची पाने बहुतांशी प्राकृत, देशी आणि अनुकरणवाचक शब्दांनी भरलेली आहेत, तत्सम शब्दांची गर्दी तेथे नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ रचताना शब्द आद्य वर्णानुसार लावले. अमरकोशाची रचना विषयवार वर्गांची आहे. आद्याक्षराने शब्द शेजारी आणण्याची रीत आपल्याकडे इंग्रजी कोशांच्या आधीपासून होती, हे यावरून लक्षात यावे.

या पानांवर अर्थाचे पाच गट तरी सहज दिसतात. झळकणे, झळाळी, झगझगीत, झगमगाट हा प्रकाशाचा गट. झरणे, झिरपणे, झुळझुळ, झिमझिम हा पाण्याचा. झाकणे, झाकण, झापड हा आच्छादनाचा; अकोले तालुक्याच्या डोंगरभागात वस्तीच्या झोपडीला ‘झाप’ म्हणतात, तोही अर्थाने येथेच बसतो. झुडूप, झुपका, झिंज्या, झिपऱ्या हा दाट अथवा विस्कटलेल्या गोष्टींचा. आणि झडप, झेप, झटापट, झोंबी, झगडा, झपाटा हा वेगाचा व अंगाशी भिडण्याचा. या शब्दांचे मूळ मात्र एक नाही. ‘झरणे’च्या मुळाशी संस्कृत ‘क्षर्’ आहे, ‘झिजणे’च्या मुळाशी ‘क्षि’. ‘झुळझुळ’ हे निखळ ध्वन्यनुकरण. झ्यूल ब्लॉक यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात आणि कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ च्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’त शब्दांची मुळे शोधली. वेगवेगळ्या मुळांचे शब्द एकत्र नांदू लागल्यावर त्यांच्यात काय घडते, हा प्रश्न व्युत्पत्तिशास्त्राच्या कक्षेत सहसा येत नाही.

या दृष्टीने ‘झुंज’ या शब्दाचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नगर जिल्ह्यातील नेवासे येथे प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथाचा प्रसंगच रणभूमीवरचा असल्याने युद्धवाचक ‘झुंज’ हा शब्द तीत येणे स्वाभाविक होते. प्राचीन मराठीत याच शब्दाचे ‘जुंझ’ असेही रूप आढळते. संस्कृत ‘युध्यते’पासून प्राकृत ‘जुज्झइ’, त्यापासून ‘जुंझ’, आणि शेवटी ‘झुंज’, असा हा क्रम आहे. महाप्राण शब्दाच्या मध्यातून आरंभी सरकला आणि शब्द ‘ज’च्या पानावरून ‘झ’च्या पानावर, झटापट व झोंबी यांच्या शेजारी आला.

यावर आक्षेप संभवतो. महाप्राण पुढे सरकण्याची प्रवृत्ती मराठीत अन्यत्रही आहे. ‘पत्थर’चा ‘फत्तर’ झाला तो काही अर्थाच्या ओढीने नव्हे. आक्षेप योग्य आहे. परंतु ‘युध्यते’चे जुळे भावंड म्हणावे असे ‘बुध्यते’ घेऊ. त्याचे प्राकृत रूप ‘बुज्झइ’. मराठीत त्यापासून ‘बुझणे’, ‘बुझावणे’ हे शब्द आले. येथे महाप्राण जागचा हलला नाही, ‘भुज-’ असे रूप रूढ झाले नाही. ध्वनिनियम दोहोंना सारखाच उपलब्ध होता. अनुस्वाराचा भेद जमेस धरूनही असे वाटते की, ‘झुंज’ला पलीकडे अर्थाचे शेजारी वाट पाहत होते, ‘बुझणे’ला तसे कोणी नव्हते.

दुसरा दाखला परभाषेतील शब्दाचा. धातूला चकाकी देण्याच्या क्रियेस ‘जिल्हई’ म्हणत. हा मूळ अरबी ‘जिला’. आज ‘झिलई’ हेच रूप अधिक परिचयाचे आहे. अरबीतून आलेला हा पाहुणा झळाळी आणि झगमग यांच्या पंक्तीला असा बसला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

अर्थात ‘झ’ या वर्णातच तेज किंवा पाणी भरलेले आहे, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. एकाच वर्णाने प्रकाश, आच्छादन आणि झटापट सूचित व्हावी यावरूनच तो निष्कर्ष टिकत नाही. शिवाय लेखनातील ‘झ’ उच्चारात एक नाही: ‘झरा’तील झ दन्तमूलीय, ‘झिरपणे’तील तालव्य, तरी दोन्ही शब्द पाण्याच्याच गटात आहेत. ‘झोप’, ‘झेंडू’ यांसारखे शब्द कोणत्याच गटात नीट बसत नाहीत. झेरॉक्स आणि झेब्रा तर केवळ लिपीच्या सोयीमुळे येथे आले. आद्य वर्णाचे सामर्थ्य स्वयंभू नसून संगतीने आलेले असते, असे फार तर म्हणता येईल.

या चर्चेचा संबंध परिभाषेशीही येतो. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर शासनव्यवहारासाठी जी परिभाषा घडली ती मुख्यतः संस्कृत धातू व उपसर्ग यांवर आधारलेली आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने ते सोयीचे होते, हे मान्य करावे लागेल. परंतु असा शब्द उच्चारताच त्याच्या मागे मराठी शब्दांचे गोत उभे राहत नाही. याउलट ‘पाझर तलाव’ ही संज्ञा पाहावी. १९७२ च्या दुष्काळात असे तलाव मोठ्या प्रमाणावर खोदले गेले आणि नगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसला. नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा घेऊन त्यास ‘झिरा’ म्हणणाऱ्याला, विहिरीच्या झऱ्यावर ज्याचे पीक अवलंबून आहे त्याला, तलावातील पाणी जमिनीत उतरून खालच्या विहिरींना मिळणार हे या शब्दातून निराळे समजावून सांगावे लागले नाही. ‘पाझर’च्या मुळाशी ‘प्रक्षर’ आहे, म्हणजे येथे ‘झ’ आद्य वर्ण नव्हे. कोशात हा शब्द ‘प’च्या पानावर मिळतो, ऐकणारा मात्र त्याला झरा आणि झिरपणे यांच्याच शेजारी ठेवतो.