तिसऱ्या खंडाचे ओझे : किशोरवयीन डिस्टोपियन प्रेमकादंबऱ्यांच्या अखेरच्या भागांचा विचार

प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी काहीच वाचत नाही, अशी खंत अध्यापकवर्गात वारंवार व्यक्त होते. ती अंशतः खरी आहे. परंतु जे विद्यार्थी वाचतात त्यांपैकी अनेकांच्या हाती, आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर, 'हंगर गेम्स', 'डायव्हर्जंट', 'डिलिरियम', 'मॅच्ड' अशी शीर्षके आढळतात. ही पुस्तके अभ्यासक्रमात नसतात आणि मराठी समीक्षेनेही त्यांची फारशी दखल घेतलेली नाही. लोकप्रिय, परदेशी, किशोरवयीन आणि प्रेमकथा ही चार विशेषणे एकत्र आली की पुस्तक न वाचताच बाजूला ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत लेखात या मालिकांच्या केवळ अखेरच्या भागांचा विचार केला आहे. वाचकांचा सर्वाधिक रोष आणि सर्वाधिक निष्ठा याच भागांच्या वाट्याला आली, आणि या प्रकाराची सारी अडचणही तेथेच उघडी पडते.

'डिस्टोपिया' या संज्ञेस मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. टॉमस मोर याने 1516 मध्ये 'युटोपिया' हे आदर्श बेट कल्पिले. जॉन स्टुअर्ट मिल याने 1868 मध्ये ब्रिटिश संसदेतील भाषणात त्याच्या विरोधी अर्थाचा शब्द वापरला. 'दुःस्वप्नराज्य' हा शब्द आशयाच्या जवळ जातो. व्यवस्थेच्या नावाखाली माणसाचे माणूसपण हिरावून घेणारे राज्य, असा त्याचा अर्थ येथे गृहीत धरला आहे.

तीन आश्वासने

या मालिकांची बांधणी बहुधा त्रिखंडी असते. सुझन कॉलिन्स यांची त्रयी 2008, 2009 आणि 2010 मध्ये, तर व्हेरोनिका रॉथ आणि लॉरेन ऑलिव्हर या दोघींच्या त्रयी 2011, 2012 आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झाल्या. दरवर्षी एक खंड या क्रमाचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. तेराव्या वर्षी पहिला खंड हाती घेणारी मुलगी तिसरा खंड उघडते तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची झालेली असते. नायिकेबरोबर तीही वाढलेली असते, आणि मधल्या दोन वर्षांत तिने शेवटाची आपली आवृत्ती मनाशी रचून ठेवलेली असते. अखेरच्या खंडाची स्पर्धा म्हणूनच वाचकाच्या मनातील त्या अलिखित पुस्तकाशी असते.

पहिला खंड वाचकाला नकळत तीन आश्वासने देतो. प्रेमकथा म्हणते, दोघांपैकी एकाची निवड होईल. दुःस्वप्नराज्याची कथा म्हणते, हे राज्य कोसळेल. वयात येण्याची कथा म्हणते, ही मुलगी प्रौढ होईल. पहिल्या दोन खंडांत ही आश्वासने परस्परांना बळ देतात, कारण जुलमी राज्य हेच प्रेमाच्या आणि वाढीच्या आड येणारे विघ्न असते. तिसऱ्या खंडात विघ्न दूर होऊ लागते आणि आश्वासने एकमेकांच्या विरोधात उभी राहतात. राज्य खरोखर कोसळायचे तर माणसे मरावी लागतात. माणसे मेली तर प्रेमकथेचा सुखान्त खोटा वाटू लागतो. सुखान्त टाळला तर वाचक फसवणुकीचा आरोप करतो.

'मॉकिंगजे' : विजयानंतरचा प्रश्न

कॉलिन्स यांची 'मॉकिंगजे' (2010) ही या प्रकारातील सर्वांत कठोर समाप्ती होय. पॅनेम हे राष्ट्र म्हणजे ऐषारामात बुडालेली राजधानी कॅपिटॉल आणि तिला कोळसा, धान्य, वस्त्र, शस्त्र पुरविणारे जिल्हे. 'भाकरी आणि खेळ' या अर्थाच्या लॅटिन वचनातून हे नाव घेतलेले आहे. कळवा, मुंब्रा, दिवा येथून पहाटेच्या लोकलने महानगराकडे जाणाऱ्या, किंवा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ज्यांच्या घरची माणसे राबली अशा विद्यार्थ्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. शहराला श्रम पुरविणारा परीघ म्हणजे काय, हे तो रोज अनुभवतो.

तिसऱ्या खंडात जिल्हे जिंकत आलेले असतात. अशा वेळी कॅपिटॉलच्या मुलांवर आकाशातून मदतीच्या पुड्यांच्या रूपाने स्फोटके पडतात. जखमींच्या शुश्रूषेसाठी परिचारक धावून येतात तेव्हा दुसरा स्फोट होतो आणि त्यात कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरण पावते. जिच्याऐवजी कॅटनिस पहिल्या खंडात स्वतः रिंगणात उतरली होती, तीच ही प्रिम. मालिकेचे मूळ कारणच येथे नाहीसे होते. त्याहून दारुण बाब अशी की, दोन टप्प्यांत स्फोट घडविण्याची कल्पना कॅटनिसच्या बालमित्राने, गेलने, बंडखोरांच्या शस्त्रागारात मांडलेली असते. तो बॉम्ब नेमका त्याचाच होता काय, हे त्यालाही सांगता येत नाही.

प्रेमत्रिकोण सुटतो तो या ठिकाणी, आणि सामान्य वाचक येथे बरेचदा चुकतो. कॅटनिस पीटाला निवडते ते तो अधिक देखणा वा अधिक हळवा आहे म्हणून नव्हे. गेलजवळ जो संताप आहे तो तिच्यापाशी पुरेसा आहे. जे उरलेले नाही ते पीटाजवळ आहे. त्रिकोणाचे दोन कोन म्हणजे युद्धाकडे पाहण्याच्या दोन भूमिका असल्याने प्रेमाची निवड हीच राजकीय निवड ठरते. पीटाही आता पूर्वीचा राहिलेला नाही. कॅपिटॉलने विषप्रयोगाने त्याच्या आठवणी नासविल्या आहेत. कोणती आठवण खरी आणि कोणती पेरलेली, हे त्याला दुसऱ्यांना विचारून ठरवावे लागते.

राजकीय समाप्तीही अशीच अवघड आहे. बंडखोरांची अध्यक्षा कॉइन विजयानंतर प्रस्ताव मांडते की, कॅपिटॉलच्या मुलांना घेऊन एक अखेरचा खेळ भरवावा. जुन्या अध्यक्षाला, स्नोला, मारण्यासाठी कॅटनिसच्या हाती धनुष्य दिले जाते, आणि तिचा बाण कॉइनला लागतो. पुढे तिच्यावर खटला चालतो, मनःस्थिती बिघडल्याच्या कारणास्तव ती सुटते आणि तिला तिच्या उद्ध्वस्त जिल्ह्यात धाडले जाते. नव्या शासनात तिला कोणतेही स्थान नाही. उपसंहारात तिला दोन मुले आहेत, परंतु ती होऊ देण्यास तिला तब्बल पंधरा वर्षे लागली, हेही लेखिका नोंदविते. या उपसंहाराला गुळगुळीत सुखान्त म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा.

चित्रपटकर्त्यांनी हाच खंड 2014 आणि 2015 अशा दोन भागांत विभागला. त्यामागील व्यापारी गणित उघड आहे. मूळ कादंबरीचा अखेरीस कोसळत जाणारा वेग मात्र त्यात हरवला.

'अ‍ॅलिजियंट' : निवेदिकेचा मृत्यू

रॉथ यांच्या मालिकेत शिकागो शहरातील समाज पाच गटांत विभागलेला आहे. सोळाव्या वर्षी एक चाचणी होते आणि त्यानंतर जन्मभराचा गट निवडावा लागतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरून कला, वाणिज्य, विज्ञान यांत वाटले जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हे दुःस्वप्न भविष्यातील वाटत नसावे.

पहिले दोन खंड केवळ ट्रिसच्या तोंडून सांगितले जातात. तिसऱ्या खंडात, 'अ‍ॅलिजियंट' (2013) मध्ये, ट्रिस आणि तिचा प्रियकर टोबायस आळीपाळीने बोलतात. सावध वाचकाला येथेच शंका येते, कारण दुसऱ्या निवेदकाची गरज तेव्हाच भासते जेव्हा पहिला निवेदक शेवटपर्यंत पोहोचणार नसतो. विश्वासघात करणाऱ्या भावाने जिवावर उदार होऊन जे काम करायचे, ते ट्रिस स्वतःवर घेते आणि गोळी लागून मरण पावते. असंख्य किशोरवयीन वाचकांनी हा मृत्यू वैयक्तिक आघात म्हणून घेतला.

तिचा मृत्यू मालिकेच्या तर्काशी विसंगत नाही. त्यागी गटात जन्मलेली मुलगी धाडसी गटात जाते आणि धाडस व त्याग एकच असल्याचे अखेरीस तिच्या कृतीतून दिसते. उणीव आहे ती अन्यत्र. दोन्ही निवेदकांचे आवाज इतके सारखे आहेत की प्रकरणाच्या माथ्यावरील नाव पाहिल्याशिवाय कोण बोलत आहे ते कळत नाही. त्याहून गंभीर बाब नैतिक आहे. शहरावर प्रयोग करणाऱ्या संस्थेने नागरिकांच्या स्मृती पुसण्याचे जे द्रव्य सिद्ध केले, तेच द्रव्य ट्रिस त्या संस्थेच्या लोकांवर सोडते. जुलमाचे हत्यार नायिकेच्या हाती आल्यावर ते शुद्ध होते काय, हा प्रश्न कॉलिन्स मध्यवर्ती करतात. रॉथ तो ओझरता स्पर्शून पुढे जातात. मात्र त्याच पुस्तकात टोबायस आपल्या आईवर ते द्रव्य वापरू शकत असताना तिला निवडीची संधी देतो आणि ती सत्ता सोडते. हा प्रसंग मृत्यूच्या गदारोळात दुर्लक्षित राहिला. वर्गात चर्चेला घ्यावा तो हाच.

या कादंबरीच्या पूर्वार्धावर आधारित चित्रपट 2016 मध्ये आला आणि अपेक्षेइतका चालला नाही. मालिकेचा नियोजित शेवटचा चित्रपट निघालाच नाही. त्यामुळे केवळ चित्रपट पाहिलेल्यांच्या लेखी ट्रिस अजून जिवंत आहे.

अन्य समाप्ती

अ‍ॅली कॉन्डी यांच्या 'मॅच्ड' मालिकेत राज्ययंत्रणा आकडेमोडीने जोडीदार ठरविते. पत्रिका, गोत्र आणि पगार जुळविणाऱ्या समाजातील वाचकाला याचे नवल किती वाटावे, हा प्रश्नच आहे. या त्रयीत निवेदकांची संख्या एक, दोन, तीन अशी वाढत जाते आणि 'रीच्ड' (2012) मध्ये नाकारला गेलेला तरुणही स्वतःची कथा सांगतो. त्रिकोणाचा तिसरा कोन माणूस म्हणून समोर येतो, हे या खंडाचे खरे यश होय. साथीच्या रोगाचे कथानक मात्र लांबलेले आहे.

ऑलिव्हर यांच्या 'डिलिरियम'मध्ये प्रेम हाच रोग ठरवून अठराव्या वर्षी त्यावर शस्त्रक्रिया केली जाते. तिसरा खंड 'रेक्विअम' (2013) भिंत पाडणाऱ्या जमावापाशी थांबतो. पुढे कोणाचे काय झाले हे वाचकाला सांगितले जात नाही. मारी लू यांच्या 'चॅम्पियन'मध्ये (2013) नायकाच्या स्मृतीतून नायिकाच पुसली जाते आणि दहा वर्षांनी ते अनोळखी म्हणून भेटतात. लेखिकेने 2019 मध्ये 'रिबेल' लिहून ही कथा पुढे नेली. तसे पाहता शेवट पुन्हा उघडण्याचा हा मोह जुनाच आहे. लोइस लॉरी यांनी 1993 च्या 'द गिव्हर'चा शेवट संदिग्ध ठेवला आणि मालिकेचा चौथा भाग 'सन' 2012 मध्ये लिहिला. कॉलिन्स यांनीही 2020 आणि 2025 मध्ये पॅनेमच्या कथा लिहिल्या, परंतु त्या पूर्वकाळातील आहेत. शेवटाला त्यांनी हात लावला नाही.

मराठी वाचकाच्या बाजूने

मराठीत किशोरांसाठी मालिका लिहिल्या गेल्या नाहीत असे नाही. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश, अर्थात फास्टर फेणे, पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. परंतु त्या मालिकेतील प्रत्येक पुस्तक स्वयंपूर्ण आहे. बनेश वयाने वाढत नाही, प्रेमात पडत नाही. त्यामुळे त्याच्या अखेरच्या पुस्तकाचा प्रश्नच उद्भवत नाही. जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' (1986) यंत्रमानवाच्या रूपाने आलेल्या संकटाची कथा सांगते. तीही एका खंडात पूर्ण होते आणि तिचा वाचक प्रौढ आहे. वय, प्रेम आणि राज्यसत्ता यांना एकत्र गुंफणारी किशोर त्रयी मराठीत रुजली नाही. त्याचे एक कारण, किशोरसाहित्यातून प्रेम हा विषय आपण जाणीवपूर्वक दूर ठेवला, हे असावे.

तथापि विजयानंतरचे वैराण हा अनुभव या भाषेच्या वाचकाला परका नाही. संस्कृत नाटक भरतवाक्याने, सर्वांच्या कल्याणाच्या प्रार्थनेने संपते. महाभारत तसे संपत नाही. सौप्तिकपर्वात झोपलेली मुले मारली जातात, स्त्रीपर्वात रणभूमीवर शोक होतो. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (1967) महाभारताच्या या निष्ठुर, अश्रूंना न भुलणाऱ्या वृत्तीकडे लक्ष वेधले आणि नंतरच्या साहित्यात ती हळवेपणात विरून गेल्याचे मत मांडले. 'मॉकिंगजे'ची अखेरची प्रकरणे आणि 'युगान्त'मधील शेवटचा लेख पहिल्या वर्षाच्या वर्गात शेजारी ठेवून वाचता येण्याजोगे आहेत. 'तिने स्नोला का मारले नाही' असे विचारणाऱ्या विद्यार्थिनीला शांतिपर्वाचा आरंभ दाखवावा. कर्ण आपला भाऊ होता हे नुकतेच कळलेला युधिष्ठिर तेथे जिंकलेले राज्य नको म्हणतो आणि भाऊ, पत्नी, ऋषी त्याला आळीपाळीने समजावीत राहतात. कॅटनिसला समजावायला कोणी येत नाही. तिच्यासोबत एक दारुडा मार्गदर्शक, परत आलेले मांजर आणि काही काळाने बागेत फुलझाडे लावणारा पीटा एवढेच उरतात.