काजळी पोटात घेणारं तेल

डिझेल गाडीत नवंकोरं, सोनेरी ऑईल भरावं आणि दोन-चारशे किलोमीटरनंतर डीपस्टिक ओढून पाहावी, तर काळंकुट्ट! कित्येकदा गॅरेजमधून घरी येईपर्यंतच रंग पालटलेला असतो. मग पहिला संशय मेकॅनिकवर येतो: जुनंच ठेवलं की काय? शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीतलं ऑईल कितीतरी दिवस स्वच्छ दिसतं, त्यामुळे संशय आणखी बळावतो. खरं तर या काळेपणाबद्दल त्या तेलाचे आभार मानायला हवेत.

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते आणि नुसत्या दाबाने ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या हवेत डिझेलचा फवारा सुटला की तो आपोआप पेटतो. पण फवाऱ्याच्या गाभ्यात पुरेशी हवा पोहोचत नाही आणि तिथे काजळी धरते. यातली बरीचशी तिथेच जळून जाते, थोडी सायलेन्सरकडे जाते आणि थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑईलमध्ये उतरते.

काजळीचा सुटा कण जेमतेम २० ते ४० नॅनोमीटरचा असतो. फिल्टरचा कागद मायक्रॉनच्या हिशेबातला कचरा धरतो आणि एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. म्हणजे फिल्टर कितीही महागाचा घेतला तरी सुटी काजळी त्यातून आरपार जाणारच. तिला आवरण्याचं काम तेलात मिसळलेली रसायनं करतात. त्यांच्या रेणूचं एक टोक काजळीला चिकटतं आणि दुसरं टोक तेलात मोकळं राहतं. असे असंख्य रेणू प्रत्येक कणाला वेढून बसतात आणि एका कणाला दुसऱ्याशी जुळू देत नाहीत. सुटे कण फारसा त्रास देत नाहीत. त्यांच्या गुठळ्या झाल्या की तेल दाटतं, गाळ साचतो, धातू घासला जातो. तेव्हा काळं ऑईल म्हणजे आपलं काम चोख करणारं ऑईल. हे रेणू कधीतरी संपतात. पण संपल्यावरही तेलाचा रंग तोच, काळा. फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतले किलोमीटर आणि महिने पाळायचे.

मुळात तेल धातूला वाचवतं तरी कसं? नुसत्या बुळबुळीतपणामुळे, असं माणसाला फार काळ वाटत होतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशॅम्प टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसासाठीच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्यातून तेल उलट वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. शेवटी दाबमापक लावला, तेव्हा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर दाब निघाला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता त्याच्या निम्मा! १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. फिरता आस तेलाला निमुळत्या फटीत ओढत नेतो, तिथे तेलाचा दाब वाढतो आणि आस चक्क त्या दाबावर तरंगतो. पावसाळ्यात एक्सप्रेसवेवर टायर पाण्याच्या थरावर चढून गाडी घसरते, ती याच नियमाने. रस्त्यावर जे जिवावर बेततं, त्याच्यावरच इंजिन जगतं. इंजिनातला हा तेलाचा थर काही मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ.

आस थांबला की मात्र हा थर मोडतो. रोज सकाळी चावी फिरवल्यावर पहिल्या काही क्षणांत धातूला धातू लागतो. त्यासाठी तेलात जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग घालतात. जिथे दाब आणि घर्षण जास्त, नेमकं तिथेच ते धातूवर काचेसारखी कठीण साय धरतं. ती घासली गेली की पुन्हा धरते. या साठ्यातलंही थोडं थोडं रोज खर्च होतं.

रांजणगाव आणि मानेसरला बनलेलं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन घ्या. फियाटच्या या इंजिनाला, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसल्यामुळे, गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हटलं जाई. त्यात टायमिंगचा पट्टा नाही, साखळी आहे आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. मिनिटाला लाखावर फेऱ्या घेणारा टर्बोचा दांडा तेलाच्याच थरावर फिरतो. ताशी सरासरी ४० किलोमीटर आणि मिनिटाला २,००० फेरे धरले, तर १०,००० किलोमीटरमध्ये क्रँक ३ कोटी वेळा फिरतो. हे सगळं तीन लिटरच्या आसपास तेलाच्या जिवावर!

हे एकदा समजलं की ऑईल बदलण्यातल्या बारीकसारीक गोष्टींचं मर्म उलगडतं. गाडी सपाट जागेवर घ्या, नाहीतर चेंबरच्या कोपऱ्यात जुनं तेल राहून जातं. इंजिन आधी कोमट करा. कोमट तेल पातळ होतं आणि तरंगता मळ सोबत घेऊन उतरतं. पण उकळतं तेल हाताची सालं काढतं, म्हणून फेरी मारून आल्यावर थोडा वेळ थांबा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर विश्वास नको. चाकांना अडण लावून, गाडी स्टँडवर टेकवूनच खाली शिरा. वरचं झाकण उघडलं की हवा आत जाते आणि धार मोकळी पडते. ती थेंबांवर येईपर्यंत धीर धरा.

ड्रेन प्लगचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घ्यायचा. मऊ धातू दाबाखाली चेपून पृष्ठभागावरचे सूक्ष्म ओरखडे भरून काढतो. एकदा चेपलेला वॉशर दुसऱ्यांदा तसा बसत नाही. प्लग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच आवळा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोर लावल्याने जातात आणि दोन मिनिटांच्या कामाचं मोठं बिल होतं. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग निघाली ना, ते पाहा आणि नवीला ताज्या ऑईलचं बोट लावा. कोरडं रबर पीळ खातं आणि तिथून गळती सुरू होते.

भरताना थोडं कमीच भरा. इंजिन सुरू केल्यावर ऑईलचा दिवा विझायला दोन-चार सेकंद लागतात, कारण फिल्टर रिकामा असतो. तोवर ॲक्सिलरेटरला पाय नको, टर्बो अजून कोरडा आहे. मग बंद करून, काही मिनिटं थांबून डीपस्टिक पाहा आणि लागेल तेवढंच वर घाला.

डब्यावरचे आकडेही वाचायला हवेत. ५डब्ल्यू-३० मधला '५डब्ल्यू' थंडीतला दाटपणा सांगतो, ३० तापल्यावरचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवून जाळणारा डीपीएफ असतो. काजळी जळते, पण तेलातल्या धातूंची राख जळत नाही, ती तिथेच साचते. जे जस्त इंजिनाला वाचवतं, तेच पुढे फिल्टर तुंबवतं! म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, पुस्तिकेत सांगितलेलंच ऑईल लागतं. यांच्यात आणखी एक नवल घडतं: डीपस्टिकवरची पातळी वाढते. फिल्टर तापवण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि तेल पातळ करतं. गाडी शहरातच थोडी थोडी चालत असेल, तर हे जास्त. पातळी 'मॅक्स'च्या वर गेली, तर ऑईल लगेच बदलायचं.

उरलं काढलेलं तेल. सेंट्रिंगच्या प्लेटांना किंवा वाळवीसाठी लाकडाला ते फासायची आपल्याकडे रीत आहे, पण त्यातले जड धातू आणि जळके अंश जमिनीत मुरतात. कायद्याने तो घातक कचराच आहे. झिजतात ती मुख्यतः मिसळलेली रसायनं. तेलाचा गाभा बराचसा शाबूत असतो. निर्वात ऊर्ध्वपातन करून आणि हायड्रोजनची प्रक्रिया देऊन त्यातून पुन्हा वंगणाचं मूळ तेल काढता येतं. म्हणून ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेलं तेल अधिकृतपणे गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. कॅनमध्ये कूलंट, थिनर किंवा ब्रेक ऑईल मात्र ओतू नका, एवढ्या मिसळीनेही ते शुद्ध करणं अवघड होऊन बसतं.