मांजर क्रमांक ४००

मी मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच सुटला. परंतु आमच्या कॉलेजाशेजारी औद्योगिक वसाहत आहे आणि वारा फिरला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. त्यामुळे मिनामाताची हकीकत मला परक्या मुलखाची वाटत नाही.

मिनामाता हे जपानच्या क्यूशू बेटावरचे लहानसे शहर. किनाऱ्याला कोळ्यांची वस्ती आणि मध्ये चिस्सो कंपनीचा भला मोठा कारखाना. तिथे १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होई. त्यासाठी पारा वापरीत आणि त्याचे विषारी संयुग सांडपाण्यावाटे समुद्रात जाई. पाण्यातून ते मासळीत, मासळीतून माणसात! आधी मांजरे झिंगल्यासारखी नाचू लागली, समुद्रात पडून मरू लागली. मग माणसांचे हातपाय लटपटू लागले, जीभ अडखळू लागली. आईच्या पोटातच बाधलेली मुलेही जन्माला आली. कारखान्याच्याच इस्पितळातील डॉ. होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी या अनोळखी रोगाची खबर सरकारी आरोग्यकेंद्राला दिली. लोकांना वाटले, साथ आली. शेजाऱ्यांनी रोग्यांच्या घरी जाणे टाकले.

होसोकावांना मात्र वेगळाच संशय होता. त्यांनी एका मांजराच्या अन्नात कारखान्याचे सांडपाणी मिसळले. हेच ते मांजर क्रमांक ४००. ऑक्टोबर १९५९ मध्ये तेही लटपटू लागले. पुरावा हाती आला. पण वरिष्ठांनी पुढील प्रयोग थांबवले आणि निष्कर्ष दडवून ठेवला. त्याच डिसेंबरात कंपनीने रोग्यांच्या हाती सांत्वनाचे पैसे ठेवले. अट अशी, की पुढे दोष कारखान्याचा ठरला, तरी जादा भरपाई मागायची नाही. वाचकहो, निर्दोष माणूस असली अट घालील काय?

ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन १९६८ साली थांबले. रोगाचे खरे कारण सरकारने मान्य केले तेही त्याच वर्षी. १९७० मध्ये होसोकावांनी आजारपणाच्या खाटेवरून त्या मांजराची साक्ष दिली आणि काही महिन्यांतच ते वारले. १९७३ साली निकाल कंपनीविरुद्ध लागला. पुढे २०१३ मध्ये पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मिनामाताचेच नाव दिले आहे.

कारखाने नकोत, असे मी म्हणत नाही. त्यांच्या धुरावर अनेकांच्या चुली पेटतात. मागणे एवढेच, की सांडपाण्याच्या तपासणीचा कागद कचेरीच्या कपाटात न राहता गावाच्या चावडीवर लागावा. मिनामातात विष पाण्यात होतेच. पण ते नऊ वर्षे वाहत राहिले, ते कपाटातल्या कागदामुळे.