129व्या जागेची खूण

कंपवाताने गेलेल्या माणसाच्या मेंदूत अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे गोळे सापडतात. हे प्रथिन म्हणजे 140 अमिनो आम्लांची साखळी. गोळ्यांतल्या सुमारे 90 टक्के साखळ्यांवर 129व्या जागी फॉस्फेटची खूण चिकटलेली असते; निरोगी मेंदूत हे प्रमाण जेमतेम 4 टक्के. 90 आणि 4 शेजारी ठेवले की अपराधी सापडला असं वाटतं. हा निष्कर्ष घाईचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

पवईच्या आयआयटीतल्या समीर माजी यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं, की गोळ्यांतले तंतू होण्याआधी या प्रथिनाचे द्रव थेंब बनतात. ते एकमेकांत मिसळतात, काही दिवसांत जेलीसारखे घट्ट होतात आणि त्यांतून तंतू वाढतात. 129व्या जागी फॉस्फेटसारखा ऋणभार असलेलं अमिनो आम्ल बसवलं, तर थेंब अधिक सहज बनतात. आनुवंशिक कंपवातातले काही जनुकीय बदलही हेच घडवतात. मग खूणच दोषी, असं कुणी म्हणेल. पण ती फॉस्फेटची नक्कल होती. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खऱ्या फॉस्फेटची परीक्षा झाली, तेव्हा उलटं दिसलं: ते गोळे बनायला लागल्यानंतर चिकटतं आणि त्यांची पुढची वाढ रोखतं. निरोगी चेतापेशी काम करतानाही ही खूण वाढते, हे 2023 मध्ये पुढे आलं.

मग 90 टक्के कशाचे? माझ्या मते आधी गोळा, मागून खूण. पेशीला गोळा हटवता येत नाही, म्हणून खूण साचत जाते. अल्झायमरमधल्या टाऊ प्रथिनाचं उदाहरण याविरुद्ध दिलं जाईल. तिथे फॉस्फेटमुळे टाऊची पेशीच्या सांगाड्यावरची पकड सुटते, हे खरंच आहे. पण त्यातून एवढंच ठरतं, की प्रत्येक प्रथिनाची प्रत्येक जागा वेगळी तपासावी लागते. साक्षीदार म्हणून 129ची खूण मोलाची आहे: 2024च्या एका अमेरिकी अभ्यासात त्वचेच्या तुकड्यात ती कंपवाताच्या 92.7 टक्के रुग्णांत दिसली. निदानासाठी ती वापरावी. औषधाचा नेम मात्र त्या पहिल्या थेंबांवर धरावा.

हे गोळे विरघळवून कंपवात बरा करणारं सिद्ध औषध आज कुठेही नाही. कुणी तसा दावा करून पुड्या विकत असेल, तर त्यावर पैसे घालवू नका आणि डॉक्टरांनी दिलेलं लेव्होडोपा परस्पर बंद करू नका.