परसातले उंच सूर्यफूल

या खेपेस उसाची गोष्ट जरा बाजूला ठेवून आम्ही परसाकडे वळत आहोत. पिंपळगाव राजासारख्या गावात मोरीच्या पाण्यावर चार वांगी, दोन मिरच्या असतातच. त्याच ओलीवर माणसाच्या दुप्पट उंचीचं सूर्यफूल येऊ शकतं.

सूर्यफुलाचा मूळ मुलूख अमेरिका. रशियात ते तेलासाठी वाढले आणि तिथले बियाणे १९६९ साली आपल्याकडे पीक म्हणून आले. पेरेडोविक हे नाव जुन्या मंडळींच्या कानावरून गेले असेल. मग ठेंगणे मॉर्डेन आले, १९८० साली बंगलोरचा बीएसएच-१ हा संकर आला. आज आपल्या जिल्ह्यात बघावं तिकडे सोयाबीन, अन् सूर्यफुलाचं तेल मात्र युक्रेन-रशियाकडून विकत. २०२२ च्या फेब्रुवारीत तिकडे लढाई पेटली, तिचा चटका आपल्या कढईला बसला.

तेलाची वाणं छाती-डोक्याएवढी वाढतात. उंचीची हौस असेल तर रशियन मॅमथसारखे वाण हवे. ते दहा-बारा फुटांवर जाते. जगात विक्रम किती? २०१४ साली जर्मनीत ९.१७ मीटर झाला होता, २०२५ साली अमेरिकेच्या इंडियाना राज्यात १०.९० मीटर. तिथे उन्हाळ्याचा दिवस लांब आणि झाडाभोवती परांचीसारखा आधार. आपण बारा फुटांत समाधान मानावे.

बी जागच्या जागी, दोन बोटं खोल टोकावे. रोप उपटून लावू नये, सोटमूळ दुखावते. दोन झाडांत दीड-दोन हात अंतर. काळ्या जमिनीत पाणी साचते, तेव्हा पावसाळ्यात उंचवट्यावर लावा. कुजलेले शेणखत किंवा कारखान्याची जुनी प्रेसमड चालेल, ताजी नको. तीनेक आठवड्यांनी मातीची भर, गुडघ्याच्या वर गेले की बांबूचा आधार. कळी धरताना आणि दाणा भरताना पाण्याचा ताण नको.

कोवळी कळी सूर्यामागे फिरते. उमललेले फूल मात्र पूर्वेकडेच तोंड करून थांबते. म्हणून घराच्या पश्चिमेला लावाल तर त्याचं तोंड घराकडे राहील.

आता मुख्य अडचण. फूल परातीएवढे अन् आत दाणे पोचट, ही तक्रार आम्ही किती वेळा ऐकली! जुन्या वाणांना बहुधा दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो आणणार मधमाशी. एकुलतं झाड लावाल तर दाण्याची आशा धरू नका. पाच-सहा तरी लावा. माशा कमी असतील तर हातावर मऊ फडके गुंडाळून सकाळी सात ते अकरापर्यंत एका फुलावरून दुसऱ्यावर हलकेच फिरवा. फुलोरा कडेकडून मध्याकडे आठवडाभर उमलत जातो, म्हणून एक दिवसाआड करा. हे काम हलक्या हाताने करा, रगडू नका. फुलावर असताना विषारी फवारा मारू नका.

आणखी एक. १९९७ साली कर्नाटकात बागेपल्लीला या पिकावर करपल्यासारखा विषाणूरोग दिसला, तो पुढे महाराष्ट्रातही आला. तो गाजर गवतावर टिकतो, फुलकिडे पसरवतात. कुंपणाचं गाजर गवत फुलण्याआधी उपटा.

बियाणे राखायचे असेल तर संकर नको, पुढच्या साली झाडं एकसारखी येत नाहीत. सरळ वाणाची दोन-तीन उत्तम फुलं उमलण्याआधी पातळ कापडाच्या पिशवीत बांधा. पिशवी फक्त पराग लावण्यापुरती, त्यांच्यात्यांच्यातच, काढा. तीच पिशवी पुढे राघूंपासूनही वाचवते. फुलाची पाठ लिंबासारखी पिवळी पडून तपकिरी होऊ लागली की वीतभर दांड्यासह कापून सावलीत उलटे टांगा.