जिममधल्या जिममध्ये अलिबाग ते मुरुड

अलिबाग ते मुरुड साधारण पन्नास किलोमीटर. ऐन आषाढात हा रस्ता सायकलवर करायचा तर रेनकोट आणि वळणावरून अचानक उगवणारी एसटी, दोघांशी एकदमच झुंजावं लागतं. त्यापेक्षा जिममधली जागेवरची सायकल बरी. फक्त पाऊण तास भिंतीकडे बघत पाय मारणं ही शिक्षा वाटू नये, म्हणून त्या पाऊण तासाचा आराखडा याच रस्त्यावरून उचलायचा.

नागाव, चौल, रेवदंडा हा नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला सपाट पट्टा. इथं अंग गरम करायचं: सायकलचा ताण बदलणारा नॉब सैल, मिनिटाला ८० ते ९० फेरे. कुंडलिकेवरच्या पुलावर खाडीचा वारा आडवा येतो, म्हणून नॉब थोडा घट्ट. कोर्लईत दम घ्यायचा. इथल्या एका वस्तीत आजही पोर्तुगीजातून घडलेली बोली बोलतात, तेव्हा एखादं पोर्तुगीज गाणं इथं हक्कानं घुसवावं. मग काशीदच्या बाजूचे चढ: नॉब चांगलाच आवळायचा, सीटवरून उठायचं, फेरे साठ-सत्तरवर.

उतारावर मात्र फसगत होते. या सायकलचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. रस्त्यावर उतार लागला की पाय थांबवून सुटता येतं, इथं चाक फिरतंय तोवर पायही फिरतात.

गाणी शोधायला लांब जायला नको. कोळीगीतांत सहा मात्रांचा झुलता ठेका सर्रास सापडतो. दादऱ्यासारखे तीन-तीनचे दोन भाग पाडा: पहिल्या मात्रेला डावा पाय खाली, चौथीला उजवा. एका आवर्तनात पेडलचा एक पूर्ण फेरा! नाखव्यांच्या गाण्यांवर पोरं आपोआप तालात येतात. डीजेची रीमिक्सं मला तरी चढासाठीच राखून ठेवावीशी वाटतात, सुरुवातीलाच लावली की दहाव्या मिनिटाला सगळे गार.

सायकल आणि संगीताची जोडी जुनीच. न्यूयॉर्कच्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीत लिओनार्ड एअर्स यांनी वेग मोजले आणि १९११ मध्ये छापले: बँड वाजताना ताशी १९.६ मैल, बँड गप्प असताना १७.९. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ठेक्याला धरून पेडल मारणाऱ्यांना सुमारे ७ टक्के कमी ऑक्सिजन पुरला. जागेवरची सायकलही जुनीच: १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या जिममध्येही जागेवरच्या सायकली होत्या, हे एअर्स यांच्या आकड्यांच्या शेजारी ठेवून बघा.

आता अलिबागकरांचा हक्काचा किस्सा. नव्या धाटणीच्या अनेक सायकलींत ब्रेकचं पॅड चाकाला घासत नाही. चुंबक चाकाजवळ सरकतो, धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि चाक जड होतं. याच चुंबकत्वापायी अलिबागची वेधशाळा जन्मली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडणार होती, म्हणून १९०४ मध्ये ती इथं सुरू झाली आणि इमारतीत लोखंडासारखं चुंबकीय सामान टाळलं. तुमची चुंबकवाली सायकल तिथं कोणी आत घेणार नाही!

खोलीत समोरचा वारा नसतो, त्यामुळे घाम वाळत नाही. पंखा आणि पाण्याची बाटली हवीच. नांदगाव मागे पडलं की नॉब सैल करत जायचं. सात मात्रांचा रूपक चढावर लावू नका, तीन-दोन-दोनच्या हिशेबात डावा-उजवा पाय चुकतोच. मुरुडला पोचल्यावर खुशाल लावा. तोवर मात्रा मोजायचं त्राण कोणाच्याच पायात उरलेलं नसतं.