सिग्नलला गाडी बंद पडली? घाबरू नका!

नव्या गाडीची पूजा झाली, पेढे वाटून झाले आणि घरची मंडळी फेरफटका मारायला निघाली. पहिलाच सिग्नल लाल लागतो. गाडी थांबते, गिअर न्यूट्रलमध्ये येतो, क्लचवरचा पाय उचलला जातो आणि इंजिन एकदम गप्प! मागच्या सीटवरून आजी विचारतात, ‘‘काय रे, बंद पडली की काय गाडी?’’ चालवणारा गोंधळतो. तेवढ्यात सिग्नल हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजू लागतात आणि क्लच दाबताच इंजिन आपले आपण सुरू होते.

हा बिघाड नव्हे. गाडीतील ‘स्टार्ट-स्टॉप’ यंत्रणेने आपले काम चोख केले, इतकेच. पण अनेक घरांत या सोयीची नीट ओळख होण्याआधीच ती बंद करण्याचे बटण शोधले जाते. ‘स्टार्टर झिजेल’, ‘बॅटरी उतरेल’, असे कुणीतरी सांगितलेले असते. त्यात तथ्य किती?

कल्पना तशी जुनीच

उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवणे म्हणजे रिकाम्या शेगडीखाली गॅस जाळणे. हे ओळखून जपानच्या टोयोटा कंपनीने सत्तरच्या दशकातच आपल्या ‘क्राऊन’ गाडीत अशी यंत्रणा बसवून पाहिली होती. भारतात २०१४ साली हीरोने ‘स्प्लेंडर आयस्मार्ट’ या मोटरसायकलवर आणि २०१५ साली मारुती सुझुकीने ‘सियाझ’च्या हायब्रिड गाडीत ती दिली. आज कितीतरी गाड्यांत आणि स्कूटरींतही ती दिसते.

यंत्रणा उगाच इंजिन बंद करत नाही. इंजिन पुरेसे तापले आहे का, बॅटरीत पुरेशी वीज आहे का, हे ती आधी तपासते. म्हणूनच सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्या सिग्नलला बहुधा इंजिन चालूच राहते. बहुतेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. त्यामुळे इंजिन थांबले की पंखा फिरतो, पण गारवा ओसरू लागतो. अनेक गाड्यांत आतली हवा फार तापली की इंजिन पुन्हा सुरू होते.

बचत किती?

लहान पेट्रोल गाडी जागच्या जागी उभी असताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल पिते. ऑफिसला जाता-येता रोज वीस मिनिटे सिग्नलवर जात असतील, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत चार ते सहा लिटर पेट्रोल एक पाऊलही पुढे न जाता जळते. त्यातले बरेचसे ही यंत्रणा वाचवू शकते. मात्र हायवेवरच धावणाऱ्या गाडीला तिचा फायदा नगण्यच.

बॅटरीची काटकसर महागात

वारंवार सुरू होण्यासाठी या गाड्यांना मुळातच दणकट स्टार्टर दिलेला असतो, त्यामुळे ती भीती नको. बॅटरीही खास असते. तिला ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ म्हणतात आणि ती साध्या बॅटरीपेक्षा महाग असते. खरी चूक होते ती बॅटरी बदलताना. चार पैसे वाचवायला साधी बॅटरी बसवली, तर वारंवारच्या ताणाने ती लवकर दम तोडते आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात. दुकानात जाताना जुन्या बॅटरीवरचा प्रकार लिहून न्यावा.

बटण केव्हा दाबावे?

मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत, गाडी पार्क करताना किंवा पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना यंत्रणा बटण दाबून तात्पुरती बंद ठेवणे बरे. क्लचच्या गाडीत सिग्नल सुटायला आला असेल, तर क्लच दाबूनच ठेवावा, म्हणजे इंजिन थांबत नाही.

आणखी एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. इंजिन शांत असले तरी गाडी ‘चालू’च असते. त्यामुळे चावी किंवा बटणाने ती पूर्ण बंद केल्याशिवाय खाली उतरू नये, बॉनेट उघडू नये आणि मुलांना आत एकटे तर मुळीच सोडू नये.

जुन्या गाडीचे काय?

दिल्लीत २०२० साली ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम निघाली, ती अशाच गाड्यांसाठी. लांबलचक सिग्नलला पूर्ण थांबल्यावर हाताने इंजिन बंद केले तरी तोच फायदा होतो. मात्र गाडी सरकत असताना किंवा उतारावर कधीही चावी फिरवू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात आणि चार थेंब पेट्रोलापायी जिवावर बेतू शकते.

सिग्नलवर आपल्या शेजारीच स्कूटरवर पुढे उभे राहिलेले एखादे मूल असते. आपल्या गाडीचा धूर सरळ त्याच्या नाकात जातो. पुढच्या वेळी आजींनी विचारले, तर हसून सांगावे, ‘‘बंद नाही पडली आजी, जरा श्वास घेतेय. आणि त्या बाळालाही घेऊ देतेय!’’